त-त-प-प

मराठीत एखाद्याची चोरी पकडली गेली की तो त-त-प-प करतो. घाबरला की त्याची बोबडी वळते. गृहपाठ न केलेला पोरगा बाईंसमोर अडखळतो, सिनेमातला चोर इन्स्पेक्टरसमोर अडखळतो, आणि नाटकातला नवरा रात्री उशिरा घरी आला की बायकोसमोर अडखळतो. म्हणजे बघा, शब्द अडला की आपल्या भाषेत त्याची तीनच कारणं असतात. माणूस खोटं बोलतोय, किंवा घाबरलाय, किंवा त्याला उत्तर येत नाहीये. चौथं कारण ठेवलेलंच नाही.

तर ते चौथं कारण म्हणजे मी. :-)

मी तोतरी बोलते. चार वर्षांची असल्यापासून. आता अठ्ठावीस पूर्ण होतील. ऐरोलीच्या एका आयटी पार्कात नोकरी करते, दिवसाला तीन कॉल घेते, आणि त्या तिन्ही कॉलवर अडखळते. खोटं बोलत नसते, फारशी घाबरलेली नसते, आणि उत्तर बहुतेक वेळा येत असतं (सोमवारी सकाळचं सोडा). आज जे लिहायचंय ते एवढंच, की तोतरेपणा असलेल्या माणसाने तो आधीच, स्वतःहून, सरळ सांगून टाकावा. यात शूरपणा वगैरे काही नाही आणि सहानुभूतीही नकोय. कारण अगदी व्यवहारातलं आहे. तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर समोरचा माणूस वरच्या तीन कारणांपैकी एक उचलतो. तुमच्या वतीने मराठी भाषाच बोलून मोकळी होते, आणि ती तुमच्याविरुद्ध बोलते.

आधी थोडी तांत्रिक माहिती देते. इंजिनियर आहे, राहवत नाही.

आपल्याकडे तोतरं आणि बोबडं हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पण बोबडं म्हणजे उच्चारच वेगळा होणं, 'रवा'चा 'लवा'. तोतरं म्हणजे उच्चार ठीक, पण तो वेळेवर येत नाही. याचे तीन प्रकार. एक, अक्षर पुन्हा पुन्हा येणं, प-प-प-पाणी. नकला करणारे फक्त हाच प्रकार करतात. दोन, अक्षर लांबणं, सऽऽऽऽकाळ. आणि तीन, माझा खास, ब्लॉक. तोंड उघडलेलं आहे, शब्द डोक्यात लख्ख आहे, आणि आवाज शून्य. एक सेकंद, दोन सेकंद, कधी पाच. समोरच्याला यात तोतरेपणा दिसतच नाही. त्याला दिसते नुसती शांतता आणि माझा विचित्र झालेला चेहरा.

साधारण शंभरातली पाच मुलं लहानपणी काही काळ अशी अडखळतात, बहुतेक वेळा दोन ते पाच या वयात. त्यातल्या बऱ्याच जणांचं आपोआप जातं. मोठ्या माणसांत उरतं ते साधारण १ टक्का, आणि हे जगभर, भाषा कुठलीही असो. मुलींचं जास्त प्रमाणात जातं, त्यामुळे मोठेपणी चार पुरुषांमागे एक बाई असा हिशोब पडतो. नवी मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाखांवर होती. १ टक्का धरा, तेव्हाच्याच आकड्यावर दहा-अकरा हजार माणसं होतात. ठाणे-वाशी गाडीच्या भरलेल्या डब्यात दोन-तीन तरी असणार. मला आयुष्यात आजवर दोन भेटलीयेत. बाकीचे कुठेत? आहेत ना. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेत.

हे का होतं? बोलण्याची वेळ साधणारी मेंदूतली जी यंत्रणा असते, तिच्यात फरक असतो. आणि हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास करून तोतरेपणाशी संबंध असलेली जनुकं शोधून काढली. थोडक्यात, तोतरेपणा भीतीमुळे होत नाही, फार तर भीतीने वाढतो. पण हे आमच्या आजीच्या पिढीपर्यंत पोचलं नव्हतं. त्यामुळे मधातून उगाळलेलं वेखंड झालं, अक्कलकरा झाला, शंखात रात्रभर ठेवलेलं पाणी झालं, जिभेखाली गोटी ठेवून मोठ्याने वाचणं झालं. एक गोटी मी गिळली. तोतरेपणा होता तिथेच राहिला, घरात दोन दिवस वेगळाच तपास चालू होता. असो.

आणखी एक गंमत. तोतरी माणसं गाताना अडखळत नाहीत. चारचौघांबरोबर एका सुरात म्हणतानाही नाही. त्यामुळे गणपतीत आमच्या सोसायटीत मी आरती, अथर्वशीर्ष, सगळं खणखणीत म्हणते, आणि आरती संपली की "प्रसाद घ्या" म्हणताना 'प्र'वर अडते. दरवर्षी कोणीतरी काकू म्हणतातच, "अगं, आरती किती छान म्हणतेस! म्हणजे तुला येतं की. मग बोलताना असं का करतेस?" काकूंचं चुकत नाही. बाहेरून बघितलं तर हे सोंगच वाटतं. एक दिवस छान, एक दिवस बंद. आईशी बोलताना कमी, फोनवर जास्त, स्वतःचं नाव सांगताना सगळ्यात जास्त. स्पीच थेरपिस्टच्या खोलीत तर हमखास अस्खलित. सॉफ्टवेअरवाल्यांना ही जात माहीत आहे, क्लायंटकडे रोज येणारा आणि आपल्या मशीनवर कधीच रिप्रोड्यूस न होणारा बग.

आता लपवण्याकडे येऊ. तोतरेपणा चांगलाच लपवता येतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

लपवण्याची पद्धत अशी. बोलताना मेंदू तीन शब्द पुढे बघत असतो. अवघड अक्षर येताना दिसलं की तो शब्द काढून दुसरा घालायचा. आमचं घर नेमकं कोपरखैरण्याला. कॉलेजात असताना ठाण्याहून परत येताना तिकीट खिडकीवर 'को' अडला की मी वाशीचं तिकीट काढून मोकळी व्हायचे. वाशी अडत नाही. चार पैसे जास्त गेले तर गेले. हॉटेलात पावभाजी खायची असेल तर इडली मागवायची. शेअर रिक्षात "थांबवा" अडला की पुढच्या चौकात उतरून मागे चालत यायचं. तोतरेपणा असलेल्या कोणालाही विचारा, प्रत्येकाकडे अशी यादी असते. आता तिकीट मोबाइलवर निघतं, जेवण मोबाइलवर येतं, रिक्षा मोबाइलवर येते. तंत्रज्ञानाने आमच्यावर केलेले हे उपकार मी मनापासून मानते, पण त्याने लपवणंही फार सोपं झालंय.

२०२० मध्ये सगळे घरून काम करायला लागले तेव्हा तर आम्हा लोकांना लॉटरीच लागली. ब्लॉक आला की कॉलवरचे सगळे एका सुरात ओरडतात, "यू आर ऑन म्यूट!" त्यावर फक्त "सॉरी, नेटवर्क" म्हटलं की काम झालं. माझ्या ओळखीच्या एकाने दोन वर्षं आपल्या ब्रॉडबँडची अशी बदनामी केली, की त्याच्या मॅनेजरने त्याला कंपनीच्या खर्चाने डोंगल पाठवलं.

हसू येतं, पण हे फुकट होत नाही. ऑफिसमध्ये शब्द बदलला की अर्थ बदलतो. मला म्हणायचं असतं, "प्रॉडक्शनचा डेटा करप्ट झालाय, डिप्लॉयमेंट थांबवा." 'प्र', 'ड', 'क', 'ड', सगळेच पहारेकरी एका ओळीत उभे. मग तोंडातून निघतं, "अं... म्हणजे... थोडा इश्यू आहे, बघायला लागेल." ऐकणाऱ्याला वाटतं, हिला नक्की काय झालंय तेच माहीत नाही. ज्या माणसाला अचूक माहिती आहे तोच टीममध्ये सगळ्यात मोघम बोलणारा ठरतो. अप्रेझलमध्ये शेरा येतो, "नीड्स टू वर्क ऑन क्लॅरिटी." म्हणजे अडखळणं लपलं, पण त्याची किंमत अकलेच्या खात्यातून वळती झाली.

जोसेफ शीहान नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः तोतरे. ते म्हणायचे की तोतरेपणा हिमनगासारखा असतो. ऐकू येतो तो वरचा छोटा तुकडा, आणि पाण्याखाली असते लाज, भीती, टाळाटाळ. मला यातलं सगळ्यात पटतं ते पुढचं गणित. लपवण्याने वरचा तुकडा लहान होतो आणि खालचा वाढतो. दिवसाला चाळीस शब्द बदलणं ही फुल टाइम नोकरी आहे, आणि तिचा पगार कोणी देत नाही.

बरं, ही सवय मुलांना लागते कुठे? बहुतेक घरातच, आणि तीही प्रेमापोटी. १९३० नंतरच्या काळात वेंडेल जॉन्सन या अमेरिकन संशोधकाचा (हेही स्वतः तोतरेच) सिद्धांत गाजला. आईबाप लहान मुलाच्या साध्या अडखळण्याला नावं ठेवतात, त्यातून तोतरेपणा जन्माला येतो, असा. १९३९ मध्ये त्यांच्या विद्यार्थिनीने आयोवातल्या अनाथाश्रमातल्या मुलांवर याचा प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना "तुम्ही तोतरे बोलताय" असं सांगत राहिली. ती मुलं तोतरी काही झाली नाहीत, पण बोलायला बिचकायला लागली. २००१ मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रात आल्यावर विद्यापीठाने माफी मागितली. तो सिद्धांत आज कोणी मानत नाही. पण "मुलासमोर विषय काढू नका" हा सल्ला मात्र जगभर शिल्लक राहिला. आमच्याकडेही तेच होतं. घरात भावाच्या चष्म्यावर चर्चा व्हायची, बाबांच्या पाठीवर व्हायची, माझ्या बोलण्यावर कधीच नाही. मी अडले की सगळे एकदम वरणाकडे बघायला लागायचे. सहा वर्षांच्या मुलीला त्यातून एकच कळतं, की ज्याचं नावसुद्धा घेत नाहीत ते फारच वाईट असणार.

आता सांगण्याबद्दल.

मी नव्या टीममध्ये गेले की पहिल्याच कॉलवर सांगते, "मी तोतरी बोलते. मध्येच आवाज बंद पडला तर नेटवर्क नाही, मीच आहे. दोन सेकंद थांबा, वाक्य माझं मी पूर्ण करेन." बस, एवढंच. पंधरा-वीस सेकंद लागतात (कधी चाळीस, कारण 'तोतरी'मधला 'तो' कोण म्हणणार? हा शब्द बनवणाऱ्याला आमच्याबद्दल फारशी आस्था नसावी). यात तीन गोष्टी आहेत. काय आहे, ते कसं दिसेल, आणि तुम्ही काय करायचं. रिलीज नोट्समध्ये 'नोन इश्यूज' लिहितो ना, तसंच. नोन इश्यू लिहिला म्हणून कोणी प्रॉडक्ट परत करत नाही. न लिहिलेला सापडला की मात्र रात्री दोनला फोन येतो.

यात "सॉरी" नाही हे लक्षात घ्या. टेक्सास विद्यापीठातल्या कोर्टनी बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. ज्यांनी तोतरेपणाबद्दल नुसती सरळ माहिती दिली, त्यांच्याबद्दल ऐकणाऱ्यांचं मत माफी मागणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. माफी मागितली की समोरच्यावर माफ करण्याची जबाबदारी पडते, आणि त्याला ती नको असते. माहिती दिली की तो सुटतो. त्यालाही कळत नसतं, की बघायचं की नजर वळवायची, शब्द सुचवायचा की गप्प बसायचं. त्याचीही आत त-त-प-पच चालू असते.

आमचे रोज सकाळी दहाला स्टँडअप असतात. काल काय केलं, आज काय करणार, एनी ब्लॉकर्स? सांगून टाकल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझा नंबर आला, मी ब्लॉक झाले, सगळे शांतपणे थांबले, आणि पाच सेकंदांनी मी म्हटलं, "नो ब्लॉकर्स." आधी मी हसले, मग सगळे. त्या दिवसापासून मी मीटिंगमध्ये "डेटाबेस"ला "डेटाबेस"च म्हणते. जरा वेळ लागतो. पण डेटाबेस खरंच पडलेला असेल तेव्हा "थोडा इश्यू आहे"पेक्षा ते बरं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं लिहायला ठीक आहे, पण सांगितलं की शिक्का बसतो त्याचं काय? बसतो. कबूल. एका कंपनीच्या (नाव कशाला) इंटरव्ह्यूत मी सुरुवातीलाच सांगितलं. टेक्निकल राउंड उत्तम झाला. मग एचआरवाली गोड आवाजात म्हणाली, "रोल थोडा क्लायंट-फेसिंग आहे ना, तुम्हालाच स्ट्रेस होईल." माझ्या स्ट्रेसची एवढी काळजी माझ्या आईनेही केली नसेल. यावर "अशी कंपनी आपल्यालाच नको" असं म्हणायची पद्धत आहे. पण हे वाक्य महाग आहे. ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे, घरी भाडं भरायचंय, त्याला कोणतीही कंपनी हवी असते. अशा माणसाने नोकरी हातात येईपर्यंत काही सांगितलं नाही, तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणं, मेंदूच्या इजेमुळे वाचा जाणं अशा उदाहरणांभोवती फिरते. तोतरेपणाचं नाव त्यात नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याखाली तोतरा माणूस इंटरव्ह्यूत जास्त वेळ मागू शकतो. इथे आपल्याला समोरच्या माणसाच्या समजूतदारपणावरच भिस्त ठेवावी लागते. आणि समजूतदारपणा हवेतून येत नाही. त्या एचआरवालीने आयुष्यात एकही तोतरा माणूस क्लायंटशी बोलताना बघितला नसणार, कारण जे आहेत ते सगळे "सॉरी, नेटवर्क" म्हणतायत! ज्यांना परवडतं, ज्यांची नोकरी पक्की आहे, टीम बरी आहे, त्यांनी सांगायचं ते यासाठी. त्या दहा-अकरा हजारांतले शंभर जरी उघडपणे अडखळत बोलायला लागले, तरी पुढच्या मुलीच्या इंटरव्ह्यूला फरक पडेल.

आणि प्रत्येकाला सांगायची सक्ती नाही. रिक्षावाल्याला माझा इतिहास नको, त्याला 'डावीकडे' हवं. ज्यांच्याशी रोजचा संबंध आहे, किंवा ज्यांचा निर्णय आपल्या बोलण्यावर ठरणार आहे, त्यांना सांगावं. टीम, इंटरव्ह्यू, आणि हो, लग्न.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर... मुलगा तोतरा असेल तर स्थळं बघताना घरचे सांगतात, "जरा कमी बोलतो." मुलगी असेल तर तेवढंही सांगावं लागत नाही. कांदेपोह्यांच्या वेळी मी ब्लॉकच्या भीतीने गप्प बसले, तर समोरच्या काकू खूष. "किती शांत आहे हो मुलगी! नाहीतर हल्लीच्या..." मी शांत नाहीये हो काकू. मला राजकारणापासून क्रिकेटपर्यंत सगळ्यावर मत आहे आणि ते मोठ्याने मांडायला आवडतं. पण मुलीचं न बोलणं हा आपल्याकडे दोष नाही, दागिना आहे. मुलग्याचा तोतरेपणा निदान खटकतो तरी. मुलीचा सद्गुण म्हणून खपून जातो. मला सगळ्यात भीती वाटते ती याची, कारण हे खोटं आयुष्यभर चालू शकतं.

म्हणून माझा नियम आहे, पहिल्या भेटीतच सांगायचं. आईचा विरोध होता, "जमल्यावर कळेलच की, आधी कशाला?" आईचं मन मला कळतं. पण जमल्यावर कळलं तर त्याला नाव 'फसवणूक' मिळतं, तोतरेपणा नाही. एकाला मी सीवूड्सच्या एका कॅफेत सांगितलं. त्याने थोडा विचार करून विचारलं, "मुलांना होऊ शकतं का?" मला राग आला नाही. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला खरं उत्तर आहे. घराण्यात असेल तर शक्यता वाढते, पण होईलच असं नाही, आणि ज्या मुलांना होतं त्यातल्या बहुतेकांचं जातं. नाही गेलं तर त्या मुलाला निदान एक माणूस घरात असा मिळेल, जो तो अडला की वरणाकडे बघणार नाही. तिथे पुढे जमलं नाही. पत्रिका जुळली नाही म्हणे. :-) पण तो तासभर माझ्या आवडीच्या तासांपैकी आहे. मी पोटभर अडखळले, पोटभर बोलले, आणि पावभाजी मागवली.

एक तक्रार मात्र आहे. तोतरेपणाबद्दल जे काही उघडपणे छापून येतं, त्याचं शीर्षक ठरलेलं असतं, 'तोतरेपणावर मात'. हृतिक रोशनने लहानपणापासूनच्या आपल्या तोतरेपणाबद्दल मोकळेपणाने सांगितलंय, सरावाबद्दल सांगितलंय, त्याचं मला खरंच कौतुक आहे. 'द किंग्ज स्पीच' २०१० मध्ये आला तेव्हा आम्हा सगळ्यांना तो कोणी ना कोणी आवर्जून दाखवला. पण मात केल्यावर सांगणं सोपं असतं. ज्यांची मात झालेली नाही, आणि बहुधा होणारही नाही, त्यांनी कधी बोलायचं? मोठेपणी हे कायमचं घालवणारं औषध आजतरी नाही. थेरपीने बोलणं सोपं होतं, ती जरूर घ्यावी. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, तिथे जाता येतं. पंधरा दिवसांत बरं करतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नये.

मला हृतिकपेक्षा जवळचा वाटतो तो ब्रेडन हॅरिंग्टन. अमेरिकेतला तेरा वर्षांचा मुलगा. २०२० च्या फेब्रुवारीत त्याला जो बायडन भेटले, तेही लहानपणापासून तोतरे. ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात या मुलाने व्हिडिओवरून भाषण केलं, आणि अख्ख्या देशासमोर अडखळत केलं. एका शब्दावर थांबला, पुन्हा प्रयत्न केला, शब्द बाहेर काढला आणि पुढे गेला. त्याने कशावरही मात केली नव्हती. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि त्याने ते सांगितलं. आपल्याकडे इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वयंसहाय्य गट हेच शिकवतात, की आधी आहे ते मान्य करा, बोलत राहा, अडखळण्याला तोंड लपवू नका. तिथे लोक मुद्दाम अडखळून बोलायचाही सराव करतात. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण जी गोष्ट आपण स्वतःहून करतो तिची भीती किती दिवस वाटणार?

शेवटी, तुम्ही जे तोतरे नाही आहात त्या नव्याण्णव टक्क्यांसाठी थोडं. आमचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. निम्म्या वेळा तुम्ही चुकीचा शब्द सुचवता, आणि मग आम्हाला तो नाकारण्याचे कष्ट वेगळे पडतात. "रिलॅक्स", "श्वास घे", "सावकाश बोल" म्हणू नका, आम्ही हे चौथ्या वर्षापासून ऐकतोय. नजर वळवू नका. मीटिंगच्या सुरुवातीला "चला, सगळ्यांनी आपापलं नाव सांगूया" ही फेरी घेताना एवढं ध्यानात ठेवा, की सगळे शब्द बदलता येतात पण नाव बदलता येत नाही. आपली पाळी येईपर्यंत कोणाचे तरी तळहात ओले झालेले असतात. आणि कॉलवर कोणी अचानक शांत झालं, तर "यू आर ऑन म्यूट" म्हणण्याआधी तो माइकचा छोटा आयकॉन बघा. तो चालू दिसत असेल तर दोन सेकंद थांबा. बस, दोन सेकंद.

आणि पुढच्या वेळी कोणी तुमच्यासमोर त-त-प-प केलं, तर तो खोटारडा आहे असं ठरवण्याआधी चौथं कारणही यादीत असू द्या.

चला, मशीनची शिट्टी झाली, कपडे वाळत घालायचेत. भेटू पुढच्या शनिवारी.